पाणबुडीवरचे युद्धपट: कॅमेरा बाहेर गेला की खरेपणा संपतो का?

खोलपाणी (धागाकर्ता)

पाणबुड्यांवरचे युद्धपट मिळेल तिथून मिळवून पाहायची मला फार जुनी सवय. कृष्णधवल असोत, रंगीत असोत, गाजलेले असोत नाहीतर आपटलेले, काही सोडत नाही. त्यांच्यावरच्या गप्पा मात्र बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. अमक्या साली तसलं रडार नव्हतं, टोपीवरचं चिन्ह चुकलंय, डेकवरची तोफ वेगळ्या जातीची आहे. या चुका काढणाऱ्यांकडून मी खूप शिकलो. पण चित्रपट खरा वाटतो की नाही हे माझ्या लेखी तिथे ठरत नाही.

माझी कसोटी अशी. युद्धातल्या पाणबुडीला खिडक्या नसतात. पेरिस्कोप पाण्याच्या पृष्ठभागालगत असतानाच उपयोगाचा, आणि त्यातून एका वेळी एकाच माणसाला दिसतं. बाकीचे चाळीस-पन्नास जण सगळं युद्ध कानांनी लढतात. वरून विनाशिका आली, तिने डेप्थ चार्ज (ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) टाकले, ते जवळ फुटले की लांब, हे सगळं त्यांना ऐकूनच कळतं. म्हणून कॅमेरा जोवर आत आहे तोवर आपण त्यांच्यातले एक असतो. निळ्या पाण्यातून सरसर जाणारा टॉर्पेडो दाखवला की आपल्याला कप्तानापेक्षा जास्त माहिती मिळते आणि त्या क्षणी भीती निम्म्याने उतरते. शिवाय शंभर-दीडशे मीटर खाली, तेही रात्री, इतका स्वच्छ उजेड येणार कुठून?

१९८१ चा जर्मन चित्रपट 'दास बूट' अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे, त्याचं कारण हेच. वोल्फगांग पेटरसनने पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाचा बांधून घेतला आणि तो डोलवता-कलवता येईल अशा यंत्रणेवर बसवला. योस्ट वाकानो हा छायाचित्रकार जायरोने स्थिर ठेवलेला छोटा कॅमेरा हातात धरून नटांच्या मागे त्या नळीतून अक्षरशः धावला. बुडी मारायचा इशारा होतो तो प्रसंग आठवा. रिकामे हात असलेला प्रत्येक जण नाकाडाकडे पळत सुटतो. गोल दारांतून पाय आधी घालून, एकमेकांच्या अंगावर पडत, बंकांमधल्या बोळकांडीतून. प्रेक्षकाला आधी वाटतं घबराट झाली. खरं तर माणसांचं वजन पुढे नेलं की नाक लवकर खाली झुकतं म्हणून ती धावपळ आहे, आणि खऱ्या यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर, ती तशीच होत असे. पाणबुडी साधारण अर्ध्या मिनिटात पाण्याखाली जायला हवी, कारण वर विमान आलेलं असतं. हे कोणी संवादातून समजावत नाही, नुसतं दाखवतात.

मग डेप्थ चार्जचा मारा. हायड्रोफोनवरचा, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावरचा, माणूस कुजबुजत दिशा सांगतो. पुढे त्याची गरजच उरत नाही, विनाशिकेच्या पंख्यांचा आवाज कवचातून सगळ्यांनाच नुसत्या कानांनी ऐकू यायला लागतो. सगळ्यांच्या माना वर. तो आवाज डोक्यावरून पुढे जातो. मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' पेटरसन लांबवतो, आणि तो सगळा वेळ आपण चेहरे बघत राहतो. युद्धपटात इतका वेळ चेहऱ्यांवर घालवायची हिंमत फार थोड्या दिग्दर्शकांनी दाखवली आहे.

तुमच्या मते कुठले चित्रपट या कसोटीला उतरतात? की कसोटीच चुकीची आहे? सविस्तर लिहा.

---

यंत्रघर

धागा आवडला. त्या 'काहीच नाही'च्या मागचं तंत्र सांगतो, कारण ते कळल्यावर प्रसंग आणखी अंगावर येतो.

ब्रिटिश विनाशिकांकडचं ॲस्डिक, म्हणजे आजच्या भाषेत सोनार, पुढच्या बाजूला तिरपा झोत टाकायचं. खोल गेलेल्या पाणबुडीच्या जवळ जाता जाता ती त्या झोताखाली यायची आणि शेवटच्या काही शे मीटरांत संपर्क तुटायचा. म्हणजे बॉम्ब टाकताना विनाशिका आंधळी. त्यात डेप्थ चार्ज सेकंदाला जेमतेम तीन मीटर बुडायचा, शंभर मीटर खाली जायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागायचं. कप्तानाच्या हातात तेवढाच वेळ. पंख्यांचा वेग वाढल्याचं ऐकलं की सुकाणू पूर्ण वळवायचं आणि जोर लावून बाजूला सरायचं. चार्ज कवच फोडायला अगदी काही मीटरांवर फुटावा लागे, त्यामुळे तेवढं सरकणं पुरायचं, किंवा पुरायचं नाही. खरा डाव हा होता. बहुतेक चित्रपट नुसते दिवे फोडतात आणि नळ्यांतून वाफ सोडतात.

दुसरी गोष्ट, 'हेजहॉग'. पुढच्या बाजूला एकदम २४ छोटे बॉम्ब फेकणारं हे अस्त्र, आणि ते आदळल्याशिवाय फुटायचं नाही. चुकलं तर काहीच आवाज नाही, लागलं तर बहुधा खेळ संपला. संपर्क तुटायच्या आतच मारा करता येत असल्यामुळे वर सांगितलेली अर्ध्या मिनिटाची सवलतही गेली. अमेरिकेच्या 'इंग्लंड' नावाच्या एका छोट्या एस्कॉर्ट (संरक्षक) नौकेने मे १९४४ मध्ये १२ दिवसांत सहा जपानी पाणबुड्या याच अस्त्राने बुडवल्या. पडद्यावर मात्र हेजहॉग जवळपास दिसतच नाही. कारण उघड आहे, न फुटणाऱ्या बॉम्बमध्ये दिग्दर्शकाला मजा कसली? पण खोलपाणी यांच्या कसोटीने पाहिलं तर सगळ्यात भयंकर प्रसंग तोच होईल. आतल्या माणसांना आपल्यावर मारा झाला हेही कळणार नाही.

---

जुनीपानं

कसोटी चांगली आहे, पण अपुरी वाटते. आत बसवलेला कॅमेराही खोटं बोलू शकतो. २००० सालचा 'यू-५७१' घ्या. बराचसा चित्रपट पाणबुडीच्या आतच घडतो, घाम आहे, तेल आहे, गळणारं पाणी आहे. आणि मूळ गोष्टच दुसऱ्याची उचललेली आहे. जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा हे गुप्त संदेशांचं यंत्र अमेरिकी खलाशांनी पळवलं असं त्यात दाखवलंय, काळ १९४२ चा. प्रत्यक्षात ब्रिटनच्या 'बुलडॉग' या विनाशिकेच्या खलाशांनी ९ मे १९४१ रोजी यू-११० वर चढून यंत्र आणि कागदपत्रं हस्तगत केली. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. अमेरिकनांनी यू-५०५ पकडली ती जून १९४४ मध्ये, आणि ती आज शिकागोच्या संग्रहालयात उभी आहे. चित्रपटावरून ब्रिटिश संसदेत नाराजी व्यक्त झाली, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तिला दुजोरा दिला. पटकथाकारांपैकी एक असलेल्या डेव्हिड एयर यांनी पुढे या बदलाबद्दल खेद व्यक्त केला. चित्रपटाच्या शेवटी खऱ्या ब्रिटिश नौकांची नावं येतात, पण तोवर निम्मं थिएटर उठलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते 'पेटार्ड' या ब्रिटिश विनाशिकेचं. ३० ऑक्टोबर १९४२, पूर्व भूमध्य समुद्र. जर्मन पाणबुडी यू-५५९ घायाळ होऊन वर आली, तिचे खलाशी तिला सोडून पाण्यात उतरले. पेटार्डवरचे टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर त्या बुडत्या पाणबुडीत शिरले. आत अंधार, हळूहळू चढणारं पाणी. त्यांनी खालून गुप्त संकेतपुस्तकं वर दिली, ती वर घ्यायला होता टॉमी ब्राऊन, नौकेच्या कँटीनमधला सोळा वर्षांचा पोरगा. पाणबुडी अचानक बुडाली. ब्राऊन वाचला, फॅसन आणि ग्रेझियर आतच राहिले. त्या पुस्तकांच्या आधारे ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात डिसेंबर १९४२ पासून जर्मन पाणबुड्यांचा चार चक्रांचा एनिग्मा पुन्हा वाचता यायला लागला. ही गोष्ट आहे तशी चित्रित केली असती तर एक प्रसंगही नव्याने रचावा लागला नसता. ती सोडून खोटी गोष्ट रचली आणि खऱ्या माणसांचं नाव पुसलं, म्हणून तो चित्रपट कितीही घामेजलेला असला तरी मला खरा वाटणार नाही.

---

खोलपाणी

जुनीपानं, फॅसन-ग्रेझियरबद्दल इतकं नेमकं लिहिल्याबद्दल आभार. तुमचा राग शंभर टक्के पटतो. तरी मी दोन खरेपणे वेगळे ठेवीन. एक घटनेचा, दुसरा अनुभवाचा. 'दास बूट'मध्येही घटना बदलल्या आहेत. चित्रपटातली पाणबुडी यू-९६ शेवटी ला रोशेलला बुडते, खरी तिथे बुडाली नाही. ती पुढे प्रशिक्षणाच्या कामाला लागली आणि ३० मार्च १९४५ रोजी विल्हेल्म्सहाफेनला अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बुडाली. पण त्यामुळे कुणाच्या श्रेयावर डल्ला मारला गेला नाही. तुमच्या उदाहरणात तो मारला गेला, आणि माझ्या मते गुन्हा तिथे आहे.

यंत्रघर, पुढच्या वेळी हायड्रोफोनचे प्रसंग घड्याळ लावून पाहणार.

---

ध्वनीवेडी

मी ध्वनिसंयोजनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे कानांचा मुद्दा निघाल्यावर राहवलं नाही.

पाणबुडीपटांत सगळ्यात जास्त झिजलेला आवाज म्हणजे तो गोड, लांबणारा 'पिंग'. बहुतेक चित्रपटांत पाणबुडी स्वतःच सतत पिंग करत फिरते. हे उलटं आहे. पाणबुडी गप्प राहून ऐकते. स्वतः ध्वनी सोडला तर आपण कुठे आहोत हे शत्रूला आपणच सांगितल्यासारखं. पिंग येतो तो शोधणाऱ्या नौकेकडून, आणि यू-बोटींवर काम केलेल्या लोकांनी त्याचं वर्णन कवचावर कुणी खडे फेकावेत तसा आवाज असं केलंय. किती वेगळं आहे हे! गोड पिंग हा संगीताचा भाग झालाय, खड्यांचा आवाज अंगावर येणारा आहे. मला दिग्दर्शकाने विचारलं असतं तर मी खडेच वापरले असते.

दुसरं, शांततेची अवस्था. शत्रू डोक्यावर असताना हवेचे पंखे बंद, पंप बंद, बूट काढलेले, हत्यार हातातून पडू नये म्हणून माणसं ते छातीशी धरून बसलेली. अशा वेळी आपल्याला काय ऐकू येईल? थेंब. श्वास. दाबाने कवच कुरकुरतं ते. 'दास बूट'ला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, त्यांत ध्वनी आणि ध्वनिपरिणाम अशी दोन्ही होती, ती उगाच नाहीत. पण त्याच चित्रपटात माणसं मध्येच एवढ्याने ओरडतात की वरच्या नौकेला हायड्रोफोनची गरज पडू नये. मूळ कादंबरीचा लेखक लोथार-ग्युंटर बुखहाइम १९४१ मध्ये स्वतः यू-९६ वर वार्ताहर म्हणून गेला होता. चित्रपटातला हा भडकपणा त्याला मुळीच रुचला नव्हता. मला त्याचं म्हणणं पटतं.

---

दर्यावर्दी

मी पाणबुडीवर काम केलेलं नाही, व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं गेली. ओरडण्याच्या मुद्द्यावर तेवढ्या अधिकाराने बोलतो.

खरं संकट आलं की जाणत्या माणसाचा आवाज खाली येतो. हुकूम छोटा, सपाट सुरात. समोरचा तोच हुकूम शब्दशः परत म्हणतो, काम झालं की झाल्याचं सांगतो. पाणबुडीवरही हीच पद्धत, उलट जास्त कडक, कारण तिथे एक झडप चुकीची उघडली तर दुसरी संधी नाही. चित्रपटांत हुकमाची ही पुनरुक्ती कंटाळवाणी म्हणून कापतात. माझं म्हणणं, ती ठेवा. तोच शब्द दोनदा, तिसऱ्यांदा, वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो आणि तो म्हणणाऱ्या पोराचा आवाज कापतो का, यावरून प्रेक्षकाला परिस्थिती कळते. १९५७ च्या 'द एनिमी बिलो'मध्ये हे बऱ्यापैकी साधलंय. मूळ कादंबरी डेनिस रेनर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची, त्याने स्वतः एस्कॉर्ट नौकांवर युद्ध काढलं होतं. चित्रपटात नौका अमेरिकी केली आणि शेवट फारच गोड केला, पण दोन कप्तान एकमेकांना न पाहता एकमेकांच्या मनाचा अंदाज घेतात तो भाग अस्सल आहे. चित्रण खऱ्या युद्धनौकेवर झालं, डेप्थ चार्जही खरे टाकले. समुद्राचा तो फुगून फुटणारा डोंगर संगणकाला अजून नीट जमलेला नाही.

आणि एक राहून जातं ते म्हणजे वास. पडद्यावर वास दाखवता येत नाही हे मान्य. पण वासाची कारणं दाखवता येतात. टाइप सात-सी यू-बोट ६७ मीटर लांब, आत पन्नासेक माणसं, शौचालयं दोन आणि निघताना त्यातलं एक शिध्याने भरलेलं. आंघोळ नाही. बंक दोघांत एक, पहिला पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच ओलसर अंथरुणात. सगळ्यावर डिझेल आणि बुरशी. खलाशांना अंगाला लावायला कोलोन दिलेलं असायचं. हे सगळं तपशिलाने दाखवलं की वास आपोआप येतो. चकचकीत दाढी केलेला नायक आणि इस्त्रीचा सदरा दिसला की मी टीव्ही बंद करतो.

---

यंत्रघर

दर्यावर्दींनी शौचालयाचा विषय काढलाच आहे तर यू-१२०६ ची गोष्ट इथे हवी. खोल पाण्यातही वापरता येईल असं शौचालय तिच्यावर होतं आणि त्याच्या झडपा योग्य क्रमानेच चालवाव्या लागायच्या. एप्रिल १९४५ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ तिथून समुद्राचं पाणी आत शिरलं, खालच्या बॅटऱ्यांपर्यंत गेलं आणि क्लोरीन वायू तयार झाला. पाणबुडीला वर यावं लागलं, विमानाने गाठलं, शेवटी ती सोडून द्यावी लागली. एवढी भयंकर गोष्ट पण कुठल्याही मोठ्या चित्रपटाचा विषय झालेली नाही.

आता पाणी आत येण्याचं गणित, कारण त्या बाबतीत चित्रपट कमालीचे ढिले असतात. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. २०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २० किलो भार. ६० सेंटिमीटर व्यासाच्या एका झाकणावर ५६ टन. तिथे कवचाला एक सेंटिमीटरचं भोक पडलं तर पाणी ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने आत येईल, सेकंदाला साधारण तीन लिटर, म्हणजे तासाला दहा टन. त्या धारेसमोर हात धरून कुणी खांद्याने दाबून बसतो हे दृश्य मी किती चित्रपटांत पाहिलंय! माणूस भिंतीवर आदळेल. गोळीसारखे उडणारे बोल्ट 'दास बूट'मध्येही आहेत. यू-बोटींचं मुख्य कवच वेल्डिंगचं होतं. आतल्या जोडांवर बोल्ट असतात हे खरं, पण पडद्यावर उडतात तसे आणि तितके, हे मात्र नाटकासाठी.

सगळ्यात मोठी गफलत मात्र वेगाची. या पाणबुड्या खरं तर बुडी मारू शकणाऱ्या बोटी होत्या. डिझेलवर पृष्ठभागावर १७ नॉटहून (ताशी १७ सागरी मैलांहून) जास्त, पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात, तेही फार थोडा वेळ. चार नॉटने हळू गेलं तर पाण्याखाली ८० सागरी मैल. व्यापारी जहाजांच्या बऱ्याच ताफ्यांचा वेग त्यांच्या पाण्याखालच्या वेगाहून जास्त. म्हणून पाणबुड्या रात्रीच्या वेळी, पृष्ठभागावर राहून, ताफ्याच्या रांगांत शिरून हल्ला करायच्या. जर्मन कप्तान ओटो क्रेचमर याचाच उस्ताद होता. पडद्यावर मात्र प्रत्येक हल्ला पाण्याखालून आणि पाठलाग मोटारींसारखा.

---

जुनीपानं

पाण्याखालच्या पाणबुडी-विरुद्ध-पाणबुडी लढतींबद्दलही तेच. चित्रपटांत डझनावारी. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला जाणूनबुजून बुडवल्याची युद्धातली नोंदलेली घटना एकच: ९ फेब्रुवारी १९४५, नॉर्वेच्या फेडये बेटाजवळ, ब्रिटनच्या 'व्हेंचरर'ने यू-८६४ बुडवली. कप्तान जिमी लॉन्डर्स. त्याने काही तास नुसतं ऐकून तिचा नागमोडी मार्ग ताडला, खोलीचा अंदाज बांधला आणि ठरावीक अंतराने चार टॉर्पेडो सोडले. पहिले तीन चुकले. ते चुकवताना यू-८६४ चौथ्याच्या वाटेत आली. तास न् तास कागदावर पेन्सिलीने रेघा आणि मग चार वेळा स्टॉपवॉच. खोलपाणी, तुमच्या कसोटीचा चित्रपट इथे तयार आहे, बाहेर एकदाही जायला नको.

आणि टॉर्पेडो सोडला की लागलाच, हाही एक समज. अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत बदनाम होता. ठरवल्यापेक्षा खोल जायचा, चुंबकीय फ्यूज वेळेआधी फुटायचा, आणि सरळ आदळला तर पिन वाकून फुटायचाच नाही. जुलै १९४३ मध्ये अमेरिकी पाणबुडी 'टिनोसा'ने एका थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, ते आदळून निकामी ठरले. कप्तानाने शेवटचा एक तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'टँग' या दुसऱ्या अमेरिकी पाणबुडीचा शेवटचा टॉर्पेडो गोल फिरून तिच्यावरच आला, नऊ जण वाचले. आपल्याच अस्त्रावर भरवसा नसलेला खलाशी पडद्यावर क्वचितच दिसतो.

---

नवखा_प्रेक्षक

इतकं वाचून डोकं भरलं. 'द गाझी अटॅक' बद्दल कुणीच बोललं नाही? २०१७ चा. मला आवडला होता. केके मेनन यांचा कप्तान अजून लक्षात आहे.

---

खोलपाणी

केके मेनन यांचं काम मलाही आवडलं, आणि आपल्याकडे कुणीतरी पाणबुडीच्या आत जाऊन चित्रपट केला याचा आनंद झाला. पण जुनीपानं यांची घटनेच्या खरेपणाची तक्रार तिथेही लागू होते. चित्रपटात भारतीय पाणबुडी पाकिस्तानच्या गाझी या पाणबुडीला पाण्याखालच्या झुंजीत बुडवते. प्रत्यक्षात ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ गाझी बुडाली, आणि भारतीय नौदलाने श्रेय दिलं ते 'आयएनएस राजपूत' या जुन्या विनाशिकेच्या डेप्थ चार्जना. पाकिस्तानच्या बाजूने आतला स्फोट किंवा सुरुंग असं कारण सांगितलं जातं. खरा थरार त्याआधीचा आहे. विमानवाहू नौका 'विक्रांत' दूर अंदमानला पाठवली होती आणि राजपूतने तिच्या नावाने खोटे रेडिओ निरोप पाठवून गाझीला भुलवलं. व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांची ही चाल. रेडिओवर ऐकू येणारं एक नाव आणि त्यामागे ओढत आलेली ९३ माणसं. याहून चांगली पटकथा लिहायला कोण बसणार होतं?

---

दर्यावर्दी

गाझी मूळची अमेरिकेची 'डायब्लो', दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली. म्हणजे वर यंत्रघर यांनी सांगितलेलं बॅटरीचं गणित तिलाही लागू.

युद्धानंतरच्या सोव्हिएत फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुडीवरचा एक प्रसंग सांगतो. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाच्या पेचप्रसंगात बी-५९ ही पाणबुडी अमेरिकी नौकांनी घेरली होती. तिने वर यावं म्हणून त्या नौका इशाऱ्याचे छोटे स्फोटक टाकत होत्या. आत तापमान ४५ अंशांच्या वर, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. जवळ अण्वस्त्र लावलेला टॉर्पेडो. वर युद्ध सुरू झालं की नाही हेच कळायला मार्ग नव्हता. तो सोडायचा की नाही यावर वाद झाला आणि वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने विरोध केला, असं अनेक वर्षांनी उजेडात आलं. हाच आर्खिपोव्ह जुलै १९६१ मध्ये के-१९ या सोव्हिएत अणुपाणबुडीवर होता, जिथे अणुभट्टीची शीतनयंत्रणा बंद पडली आणि दुरुस्तीला आत गेलेले आठ जण काही आठवड्यांत किरणोत्साराने गेले. के-१९ वर २००२ साली चित्रपट आला. त्याच्या नावात 'विधवा करणारी' असं टोपणनाव आहे, ते खलाशांनी दिलेलं नव्हतं. ते तिला अपघातानंतर 'हिरोशिमा' म्हणायचे. पटकथेवर जिवंत असलेल्या खलाशांनी आक्षेपही घेतला होता. भट्टीत शिरणाऱ्या पोरांचे प्रसंग मात्र विसरता येत नाहीत, त्यात काहीही भडक केलेलं नाही.

---

ध्वनीवेडी

एक प्रश्न सगळ्यांना. खरेपणात नीतीही धरायची का? 'दास बूट'मधलं जळणारं तेलवाहू जहाज. रात्री शेवटचा टॉर्पेडो लागल्यावर दिसतं की माणसं अजून वर आहेत. ती पाण्यात उड्या मारतात, पाणबुडीकडे पोहत येतात. कप्तान हुकूम देतो, मागे चला. पन्नास माणसं दाटीवाटीने राहतात तिथे आणखी घेणार कुठे, हे आपल्याला आतापर्यंतच्या प्रसंगांतून पटलेलं असतं, आणि तरीही ते बघवत नाही. तिथे कुणी भाषण करत नाही.

---

जुनीपानं

धरायलाच हवी. बुडालेल्यांना उचलू नका असा आदेश जर्मन पाणबुड्यांना युद्धाच्या सुरुवातीच्या काळापासून होता. तरी सप्टेंबर १९४२ मध्ये यू-१५६ च्या कप्तान हार्टेनश्टाइनने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवल्यावर शेकडो लोकांना वाचवलं, उघड्या रेडिओवरून मदत मागितली, रेडक्रॉसचं निशाण लावलं. अमेरिकी विमानाने त्यावरही बॉम्ब टाकले. त्यानंतर जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याने बचावकार्यावर बंदीचा आणखी कडक आदेश काढला. कोण चांगला, कोण वाईट याची सोपी वाटणी इथे होत नाही. हे लोक नाझी राजवटीसाठी लढत होते हे विसरायचं नाही, आणि यू-बोटींवरच्या चाळीस हजारांतले सुमारे तीस हजार परत आले नाहीत हेही. 'दास बूट' सुरुवातीलाच हे आकडे पडद्यावर देतो.

---

नवखा_प्रेक्षक

इतकी चर्चा झाल्यावर 'दास बूट' पाहायचाच आहे. पण त्याच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात. कुठली पाहू?

---

खोलपाणी

१९८१ ची चित्रपटगृहातली आवृत्ती अडीच तासांची आहे, १९९७ मध्ये पेटरसनने नव्याने संकलित केलेली साडेतीन तासांची आणि दूरचित्रवाणी मालिका जवळपास पाच तासांची. वेळ काढता येत असेल तर मालिकाच पाहा. लढाईचे प्रसंग तिन्हींत आहेत. मालिकेत वादळात काहीच न सापडता भटकण्याचा काळ जास्त आहे, आणि दर्यावर्दी म्हणाले ती बुरशी, ते बंक, माणसांची एकमेकांवरची चिडचिड तिथे खरी मुरते. ते झाल्यावर योहान या इंजिनवाल्याचं मन का मोडतं हे वेगळं सांगावं लागत नाही. जर्मन आवाज आणि खाली अक्षरं, असंच बघा, डब केलेली आवृत्ती नको. हेडफोन असतील तर लावा. बाहेरून पाणबुडी दिसते अशी काही दृश्यं त्यातही आहेत. तिथे काय वाटलं ते परत येऊन लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.